पुडीतली कीड

पाटसच्या अलीकडे हायवेलगतच्या मोकळ्या रानात, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रांगेने थांबतात. त्या हंगामात ट्रॉल्यांच्या शेजारी माणसांचीही रांग लागत होती, आणि ती ट्रॉल्यांच्या रांगेपेक्षा लांब होती. कुणी गालाला रुमाल बांधलेला, कुणी जबडा तळहातावर तोलून धरलेला, कुणी रडणारं पोर कडेवर घेतलेलं. रांगेच्या टोकाला मांडव, मांडवात पेटलेली शेगडी, शेगडीमागे पांढऱ्या धोतरातला गेणबा आणि गेणबाच्या तोंडापुढे माईक.

"दाताचा डॉक्टर काय करतो? सुई टोचतो, मशीन घालतो, दात उपटून हातावर ठेवतो. आरं, घरात उंदीर शिरला म्हणून कोण घर पाडतं का? उंदीर धरायचा! ह्यो गेणबा कीड धरतो आन् दात जागच्या जागी ठेवतो. मुंगीपासनं हत्तीपातुर समद्यांचं दात ह्या हातांनी बघितल्यात."

हत्तीने तोंड कसं उघडलं, हे कुणी विचारलं नाही. दाढ ठणकत असताना असले प्रश्न सुचत नाहीत.

रांगेत डोक्यावरून ओढणी घेऊन, अर्धा चेहरा झाकून करुणा उभी होती. केडगावजवळच्या वाडीची ती आशा सेविका. लसीकरण, बाळंतपणं, गोळ्यावाटप, सगळं तिच्याकडे. कुणाचा दात दुखला, तर ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी लिहून देणारी तीच. पण आपलीच दाढ दुखायला लागली, तेव्हा ती एका दवाखान्यात खुर्चीवर बसली, मशीनचा आवाज ऐकला आणि उठून आली. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच ती वाडीपासून लांब, इथे आली होती.

तिचा नंबर आला. गेणबाने परातीतल्या पाण्यात वीट ठेवली, शेगडीतला लालभडक लोखंडाचा तुकडा चिमट्याने उचलून विटेवर ठेवला, त्यावर तेलात कालवलेला चिमूटभर 'मसाला' टाकला आणि लगेच वरून मडकं उपडं घातलं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात वेळूची नळी, नळीचं दुसरं टोक करुणाच्या दाढेपाशी. आत तडतड झाली. कडवट धूर तोंडात भरला, डोळ्यांत पाणी आलं. गेणबा काहीतरी पुटपुटत होता. मग त्याने मडकं उचललं.

पाण्यावर पांढरे, वळलेले, बारीक किडे तरंगत होते.

मांडवातून "आगं बाबो" असा आवाज उठला. करुणाच्या अंगावर काटा आला. हे सगळं आपल्या तोंडात होतं! गेणबाने किडे कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातावर ठेवले. वर पथ्य सांगितलं: कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चारदा गुळण्या, गोड बंद, गार बंद. मग माईक तिच्यापुढे धरला.

"बोला ताई. दुखतंय का?"

खरंच दुखत नव्हतं. तोंड बधिर झालं होतं.

"न्हाई. थांबलं," ती म्हणाली.

"काय करता तुमी?"

इथे तिला गप्प बसता आलं असतं. पण कितीतरी दिवसांनी ठणका थांबल्याच्या आनंदात तोंडून निघून गेलं, "आशा हाय मी."

"ऐका मंडळी! सरकारच्या दवाखान्याची बाई गेणबाकडं आली!"

मोबाईल वर झाले. आणि त्या मोबाईलमागे तिला गोकुळ दिसला. वाडीतलाच, शेवंतीची शेती करणारा, मार्केटला फुलं टाकून टेम्पोने परत निघालेला. त्याचीही खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. तिनेच त्याला चिठ्ठी दिली होती आणि आज तो दवाखान्यात जाणार होता.

"ताई, तुमी हितं?"

"आले होते," ती म्हणाली.

"मंग मी बी हितंच बघतो की."

नको म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण नको म्हटलं असतं तर मग तुम्ही का आलात, हा प्रश्न आला असता. एसटी सुटेल असं काहीतरी बोलून ती निघाली. मागे वळून पाहिलं तेव्हा गोकुळ रांगेच्या शेवटाला उभा होता.

वाडीत तो व्हिडिओ तिच्या आधी पोचला होता. बायका विचारत, "ताई, खरंच किडे पडले?" ती म्हणे, "पडले बाई." यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी ते बोलताना तिला नजर वर करवत नसे. वाडीतून गेणबाकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. गोकुळ रस्त्यात भेटला तर हसून म्हणाला, "तुमच्यामुळं सुटलो बगा. एकदम बंद झालं दुखायचं."

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी रंभाचा, गोकुळच्या बायकोचा, फोन आला. "ताई, ह्यांचं तोंड सुजलंय, या जरा."

करुणा गेली आणि दारातच थांबली. गोकुळ खाटेवर पुढे वाकून बसला होता. हनुवटीखालचा भाग ताठ सुजून गळ्यापर्यंत उतरला होता. तोंड मिटत नव्हतं, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नव्हती. श्वास घेताना घरघर लागत होती. तिने १०८ ला फोन लावला आणि ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर बसली. वाटेत तिचा हात त्याच्या नाडीवर होता आणि डोळे खिडकीबाहेर.

पुण्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "दाढेतला पू गळ्यात उतरलाय. श्वासाची वाट बंद होत आलीये. बाहेरून गळ्याला चीर देऊन पू काढावा लागेल." मग ते थोडं चिडून म्हणाले, "इतके दिवस दाढ किडलेली ठेवून काय करत होता?"

रंभा म्हणाली, "कीड काढली हुती की."

डॉक्टरांनी करुणाकडे पाहिलं. तिच्या अंगावर आशाची साडी होती.

गोकुळला आत नेल्यावर दोघी बाकावर बसल्या. रंभाने विचारलं, "ताई, तुमचा दात बरा हाय ना? तुमाला न्हाई ना असं काय हुनार?" तिने ते काळजीनेच विचारलं होतं. करुणाला वाटलं, हिने आपल्याला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोकुळ वाचला. पण त्याच सुमाराला करुणाची दाढ पुन्हा ठणकू लागली. कारेगावला राहून रांजणगावच्या कंपनीत काम करणारा तिचा भाऊ सम्राट तिला न्यायला आला. "शिरूरला एक मॅडम आहेत, डॉक्टर राजश्री. आमच्या सुपरवायझरचा दात त्यांनी वाचवला. आता पळून आलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी," तो म्हणाला. चौफुला, न्हावरा करत दोघं शिरूरला गेले.

डॉक्टर राजश्रींनी एक्स-रे काढला, दातावर गार बोळा टेकवला. करुणा दचकली.

"दचकलात ते चांगलं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आतली नस जिवंत आहे. ती वाचवायचा प्रयत्न करू. एवढे दिवस काय केलंत?"

करुणाने पर्समधून पुडी काढली. गेणबाचं नाव घेतलं, माईकचं सांगितलं, गोकुळचं सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी वाळलेला एक किडा पाण्याच्या थेंबात भिजवून दात बघायच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. समोरच्या स्क्रीनवर तो बोटाएवढा दिसू लागला.

"ह्याला तोंड कुठंय? अंगावर वळ्या आहेत? पाय?" त्यांनी सुईने त्याचं एक टोक वेगळं केलं. "ही दोन चपटी पानं आणि हे मूळ. आणि हे बघा, कडेला बीचं साल चिकटलंय. हा बीच्या आतला कोंब आहे, किडा नाही. कसली बी ते मात्र मला सांगता येणार नाही."

"मग माझं दुखायचं थांबलं कसं?"

"धुराने थोडा वेळ बधिर झालं असेल. नंतर काम गुळण्यांनी केलं. दातात अडकलेलं अन्न निघालं, गोड-गार बंद झालं, म्हणून ठणका कमी झाला. खड्डा तिथेच राहिला."

"आन् गोकुळचं?"

"त्यांची नस मेली असणार. नस मेली की दुखणं थांबतं. माणसाला वाटतं, बरं झालं. खाली मात्र पू साठत जातो."

करुणाने बराच वेळ मनात असलेलं विचारलं. "त्या दिवशी तो दवाखान्यात गेला असता तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "दात कदाचित काढावा लागला असता, किंवा रूट कॅनल झालं असतं. गळ्याला चीर द्यावी लागली नसती."

त्यांना खोटा दिलासा देता आला असता. त्यांनी दिला नाही, आणि त्यामुळेच करुणाने पुढचं सगळं विश्वासाने ऐकलं.

"ह्याला बायोमिमेटिक उपचार म्हणतात," डॉक्टर सांगत होत्या. "म्हणजे नैसर्गिक दात जसा घडलेला असतो, तसाच तो पुन्हा बांधायचा. सगळा दात तासून टोपी घालायची नाही. आधी इंजेक्शन देऊन बधिर करणार. दाताभोवती रबराचा पडदा लावणार, म्हणजे लाळ लागणार नाही. मग एक रंग टाकायचा. किडलेला भाग रंग धरतो, तेवढाच काढायचा. अगदी नसेजवळचं थोडं मऊ राहिलं तर ते मुद्दाम ठेवायचं, नस उघडी पडू नये म्हणून. मग थरावर थर देत भरायचं, प्रत्येक थर निळ्या उजेडाने घट्ट करायचा. वेळ लागतो. दीड-दोन तास तोंड उघडून बसावं लागेल, जबडा अवघडेल. नंतर काही दिवस चावताना जरा शिवशिवेल."

"मग परत कधीच दुखणार नाही ना?"

"तसं मी सांगणार नाही. नस नंतर दगावली तर रूट कॅनल करावंच लागेल. हे भरलेलं जन्मभर टिकेल अशीही खात्री नाही. घासण्यात हयगय केली तर कडेने पुन्हा किडेल. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि प्रत्येक दाताला हे जमत नाही, तुमच्या दाताला जमेल असं आज दिसतंय."

गेणबाने पूर्ण खात्री दिली होती. ही बाई शिकून-सवरून, यंत्रं लावून, खात्री देत नव्हती. खुर्चीवर आडवी होताना करुणाला मशीनचा आवाज आला, तिच्या मुठी आवळल्या, पण या वेळी ती उठली नाही. संध्याकाळी परत येताना तोंडाची एक बाजू जड होती. मनावरचं ओझं होतं तसंच होतं. आपल्याला शिरूर मिळालं, गोकुळला पाटस मिळालं, आणि त्याला तिथे थांबवलं आपल्या गप्प बसण्याने, हे तिला सुटेना.

बी कसली ते तिने शोधून काढलं. त्या धुराचा कडवट वास तिला ओळखीचा वाटत होता. बांधावर जागोजाग पसरलेली काटेरिंगणी, जांभळ्या फुलांची, पिवळ्या गोट्यांसारख्या फळांची. तिने चार फळं फोडली, बिया तेलात कालवल्या, तापवलेल्या कोयत्यावर टाकल्या. बिया तडतडल्या, साल फुटलं, आतले पांढरे कोंब वळवळत उडून खाली ठेवलेल्या पाण्यात पडले. ते किडे बघत ती चुलीपुढे बसून राहिली. आपण एवढ्याला फसलो. साधा एक प्रश्नही विचारला नाही.

गोकुळ घरी आल्यावर ती त्याच्याकडे गेली. त्याच्या गळ्यावर हनुवटीखाली आडवा, लाल व्रण होता. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं.

"माझं चुकलं," ती उभ्यानेच म्हणाली. "त्या दिवशी तुला अडवायला पाहिजे होतं. मला लाज वाटली, म्हणून मी बोलले न्हाई."

"आसूंद्या ताई," गोकुळ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमी तर चिठ्ठी दिली हुती. मीच गेलो न्हाई."

रंभा भाकरी थापत होती. ती मान न वळवता म्हणाली, "चिठ्ठी दिली आन् सोता तिकडं गेल्या. आमी चिठ्ठीकडं बघायचं का माणसाकडं? आमी माणसाकडं बघितलं."

करुणा खाली मान घालून घरी आली. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या सोजराबाईंकडे गेली.

सोजराबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, पण दौंडला बनवून घेतलेली पांढरीशुभ्र कवळी बसवली की त्या ऊससुद्धा सोलीन म्हणत. करुणाने सगळं सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "चल की. मला बी बघू दे माझ्या तोंडात काय काय नांदतंय."

मांडवात तेवढीच गर्दी होती. सोजराबाई गालाला हात लावून कण्हत रांगेत लागल्या. करुणाने यावेळी तोंड झाकलं नव्हतं. गेणबाने तिला ओळखलं आणि खूश होऊन माईकवर ओरडला, "आशाताई पेशंट घिऊन आल्या!"

"कंची दाढ, मावशी?"

"समद्याच दुखत्यात रं बाबा."

गेणबाने तोंडात डोकावल्यासारखं केलं. "लई कीड हाय. मुळापातुर पोचलीया. पर भिऊ नका." लोखंड, मसाला, मडकं, नळी. तडतड झाली, धूर झाला, पुटपुटणं झालं. मडकं उचललं. परातीत किडेच किडे.

"बगा मंडळी, म्हातारीनं किती साल पोसली हुती ही!"

"ह्या दातांतनं निघाली?" सोजराबाईंनी विचारलं.

"ह्याच की."

सोजराबाईंनी दोन बोटं तोंडात घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही परातीच्या काठावर ठेवल्या. मग मोकळ्या हिरड्यांनी, बोबड्या आवाजात म्हणाल्या, "मंग घे, ह्यातली ऱ्हायलेली बी काढ. पलाष्टिकला कीड लागती हे मला म्हाईत नव्हतं."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एक ड्रायव्हर हसला आणि हसू रांगभर पसरलं. गेणबाने माईकवर हात ठेवला. "हिरडीतली कीड हाय ती, हिरडीतली," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

करुणाने माईक घेतला. "ह्याच माईकवर मी बरं वाटतंय म्हणून सांगितलं होतं. माझा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. त्या दिवशी माझं ऐकून एक माणूस ह्या रांगेत उभा राहिला. त्याचा गळा चिरून पू काढावा लागला. माझी दाढ नंतर डॉक्टरांनी बरी केली, ह्यांनी न्हाई. त्यो व्हिडिओ पाठवला तसा ह्यो बी पाठवा."

सगळे तिच्या बाजूने झाले असं नाही. एक बाई म्हणाली, "माझं तर मागच्या येळी थांबलं बाई," आणि ती रांगेतच उभी राहिली. करुणाने पोलिसांत तक्रार दिली. पोलीस आले तोवर मांडव उठला होता. गेणबा दुसऱ्या कुठल्यातरी तालुक्यात शेगडी पेटवून बसला असेल. म्हणून करुणाने ठरवलं की आपल्याला जमेल तेवढ्या लोकांपुढे ही शेगडी आपणच पेटवायची.

रविवारी वाडीच्या समाजमंदिरात तिने बायकांना बोलावलं. परात, वीट, मडकं, सगळं मांडलं. रिंगणीची फळं टोपलीत. गोकुळ मागे भिंतीला टेकून बसला होता. रंभा येईल असं करुणाला वाटलं नव्हतं, पण ती आली आणि पुढेच बसली.

करुणाने सुरुवात केली. बी कशी फुटते, कोंब कसा निघतो. बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा रंभा उठली.

"तवा तुमी म्हनला किडे पडले. आता म्हनता बी हाय. तवाचं खोटं, तर आत्ताचं खरं कशावरनं?"

करुणाला तिचा राग आला नाही. हाच प्रश्न तिने स्वतः मांडवात विचारायला हवा होता.

"माझ्यावर इस्वास ठेवू नको," ती म्हणाली. "मी बाजूला होते. तूच फळ फोड, तूच टाक. तोंड कुणाचंच लावायचं न्हाई."

रंभाने फळ फोडलं. बिया बोटांनी चोळून बघितल्या, तेलात कालवल्या. लोखंडावर टाकल्या, मडकं ठेवलं. नळीच्या टोकातून धूर मोकळ्या हवेत जात होता. तडतड थांबल्यावर तिने मडकं उचललं.

पाण्यात पांढरे किडे तरंगत होते. पुढच्या बायका वाकून बघू लागल्या. रंभाने एक बोटावर घेतला, खिडकीच्या उजेडात नेऊन फिरवून पाहिला. मग मागे भिंतीशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्याच्यापायी," ती एवढंच म्हणाली.

करुणा पुढे आली. "मला माफ करा असं मी म्हणत न्हाई. पण एक ऐका. कुणी महाराज असू दे, डॉक्टर असू दे, न्हाईतर तुमची आशाताई. कोण सांगतंय ते बघून मान हलवू नका. कशावरून, ते विचारा. आमच्यासमोर, आमच्या हातानं करून दाखवा म्हणा. जो खरं सांगतो त्याला विचारल्याचा राग येत न्हाई. आणि दुखायचं थांबलं म्हंजी बरं झालं असं न्हाई, दात तपासून घ्या. उद्या सकाळी मी ग्रामीण रुग्णालयात चाललीय. ज्याला यायचं त्यानं यावं. तिथंबी प्रश्न विचारायचे."

रंभाने बोटावरचा कोंब पाण्यात सोडला. परातीतलं पाणी बदललं, लोखंडाचा तुकडा पुन्हा निखाऱ्यात सारला आणि बियांची वाटी शेजारी बसलेल्या बाईपुढे सरकवली.

"आता तुमी टाकून बगा," ती म्हणाली.